गेज आणि शेजार

गेल्या रविवारी आळंदीतल्या एका मंगल कार्यालयात करिअर मार्गदर्शन होतं. समोर चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर राबणारी पोरं, बरीचशी मराठवाडा-विदर्भाकडची. काही रात्रपाळी उरकून थेट आलेली, गळ्यात आय-कार्ड तसंच. वक्ते म्हणाले, "कोट्यवधी शुक्राणूंना हरवून तुम्ही जन्माला आलात. स्पर्धा हाच निसर्गाचा नियम. हरतो तो कमअस्सल!" टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या पोराचे हात मांडीवरच राहिले. सात महिने भरले म्हणून त्याच आठवड्यात त्याला ब्रेक दिला होता, म्हणजे कामावरून कमी केलं होतं.

हे त्याच्यासाठी लिहितोय. निसर्गाला साक्षीला बोलवायचं तर त्याची साक्ष पुरी ऐकावी लागते.

गर्भात स्पर्धा असते, हे खरं. ज्या मूळपेशींतून अख्खं शरीर घडायचं, त्यांच्यातच ती चालते. उंदराच्या गर्भात साधारण सहाव्या दिवसाच्या सुमाराला यातल्या सुमारे ३५ टक्के पेशी मरतात, असं २०१८च्या एका संशोधनात दिसलं. उरलेल्या वाढून जागा भरून काढतात आणि त्यातूनच धडधाकट पिल्लू घडतं.

पण हरते कोण? याचा पहिला धागा सापडला तो फळमाशीत. आळंदीच्या प्रदक्षिणा रस्त्यावर केळीच्या गाडीभोवती चिलटं घोंघावतात ना, त्यांच्याच कुळातली ही. १९७५ साली खिनेस मोराता आणि पेद्रो रिपोल या स्पॅनिश शास्त्रज्ञांनी 'मिनिट' नावाचा जनुकीय दोष असलेल्या पेशी तपासल्या. सगळी माशीच अशा पेशींची असेल, तर ती जगते. वाढ सावकाश होते, अंगावरचे केस बारीक राहतात, इतकंच. मात्र त्याच पेशी निर्दोष पेशींच्या शेजारी आल्या की हळूहळू नाहीशा होतात. पेशी तीच, दोषही तोच. बदलला तो फक्त शेजार.

लाईनवर काम करणाऱ्याला हे लगेच कळेल. पार्ट तपासायला गेज असतो. गेजात बसला तर पुढे, नाही तर लाल डब्यात. गेज सगळ्या पार्टांना एकच, पहिल्या पाळीला आणि तिसऱ्या पाळीलाही. पेशीचं माप असं ठरत नाही. ती शेजारणीशी ताडली जाते. म्हणजे 'कमअस्सल' हा शिक्का तिच्या अंगावर जन्मापासून नसतो, तो शेजारामुळे बसतो.

आता जिंकणाऱ्यांचं बघा. 'मिक' नावाचं जनुक जास्त चालवलं, तर फळमाशीतल्या पेशी शेजारच्या चांगल्या, निरोगी पेशींनाच मारून फोफावतात, हे २००४ साली दिसलं. उंदराच्या कोवळ्या गर्भातही जास्त मिकवाल्या पेशीच सरशी करतात, हे २०१३मध्ये माद्रिदच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. तिथे त्यातून शरीर घडतं. पण हेच जनुक बेताल झालं की माणसाच्या कितीतरी कॅन्सरांत हात घालतं. तेव्हा जिंकला तो अस्सल, हेही निसर्ग म्हणत नाही.

आणखी एक. गर्भातली पेशी गेली, तर तिचं काम शेजारणी उचलतात, तेही त्याच एका शरीरासाठी. ब्रेक मिळालेल्या पोराचं कॉटभाडं कोण उचलतं? मेसची उधारी कोण भरतं? त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा पोरगा उभा राहतो आणि सात महिन्यांनी त्याचीही तीच गत. याला निसर्गाचा नियम म्हणू नका. हा माणसांनी केलेला हिशेब आहे, आणि तो माणसांना बदलता येतो.

आळंदीत उभं राहून तरी हे विसरू नये. इंद्रायणीकाठी सिद्धबेट आहे. गावाने वाळीत टाकलेली संन्याशाची चार पोरं तिथे राहत होती, असं परंपरा सांगते. त्यांना कमअस्सल कुणी ठरवलं? शेजाऱ्यांनी. त्यांतलेच एक पुढे ज्ञानदेव झाले, १२९६ साली त्यांनी समाधी घेतली, आज लाखो लोक त्या समाधीवर डोकं टेकवतात. पण ती चारही पोरं साधीसुधीच राहिली असती, तरी गावाची चूक तेवढीच मोठी होती. वाळीत न पडण्यासाठी कुणाला ज्ञानेश्वरी लिहावी लागू नये.

म्हणून त्या पोराला एवढंच सांगायचंय: तुला गेज लावलाच नव्हता रे. सात महिने मोजले फक्त.

आणि बाकीच्यांना हे सांगायचंय की पेशीला आपला शेजार निवडता येत नाही. आपण मात्र कुणाचे तरी शेजारी असतो, आणि कसला शेजार द्यायचा हे आपल्या हातात असतं.