भिंतीपलीकडचा एफएसआय

मुंबईचा माणूस आपल्या बिल्डिंगच्या वयाची काळजी करत नाही. छताचा पापुद्रा थेट ताटात पडला तरी ‘जुनं बांधकाम, दणकट असतं’ म्हणत तो ताट बदलतो. काळजी सुरू होते ती शेजारच्या बिल्डिंगवर हिरवी जाळी चढली की. आमचं मुलुंडमध्ये तेच झालं. बिल्डिंगने पन्नाशी ओलांडली होती. 30 वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं, म्हणून तेही झालं. अहवालात जिन्याबद्दल इतकं भयंकर लिहिलं होतं की सगळ्यांनी अहवाल वाचणं सोडलं. जिना चालूच ठेवला.

पुनर्विकासाची फाइल माझ्याकडे आली, कारण मी निवृत्त आहे आणि माझं अक्षर बरं आहे. सोसायटीत एवढी पात्रता पुरते.

आर्किटेक्टने नकाशा पसरला. “तुमच्याकडे रस्ता आहे, जागा नाही. मागच्या सोसायटीकडे जागा आहे, रस्ता नाही.” उपनगरात किती एफएसआय मिळणार, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येणार, हे 2034च्या विकास नियमावलीत समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. 18 मीटरच्या रस्त्यावर टीडीआर आणि प्रीमियम, म्हणजे विकत घेतलेला जादा एफएसआय, धरून 2.4पर्यंत जाता येतं; 9 मीटरच्या गल्लीत 2वर थांबावं लागतं. दोन्ही प्लॉट एक केले की मागच्यांनाही पुढचा रस्ता आणि आम्हालाही टॉवरपुरती जागा. “मधली कंपाउंड वॉल तेवढी पाडायची,” तो म्हणाला.

त्या भल्या माणसाला ती भिंत चार फुटांची दिसत होती. आमच्या आंब्याचे त्यांच्याकडे पडलेले आंबे, त्यांच्या टाकीचं आमच्याकडे आलेलं पाणी आणि पाहुण्यांच्या गाड्या अशा तीस वर्षांच्या तक्रारी तिच्यात चिणलेल्या होत्या.

तरी संयुक्त बैठक भरली. नव्या घराला कुणाचाच विरोध नव्हता. विरोध होता तो समोरच्यालाही तेवढंच मिळण्याला. “रस्ता आमचा आहे,” आमचे सेक्रेटरी म्हणाले. “जमीन आमची आहे,” त्यांचे चेअरमन म्हणाले. वस्तुतः रस्ता महापालिकेचा होता आणि जमीन, कन्व्हेयन्स म्हणजे सोसायटीच्या नावे हस्तांतर झालंच नसल्याने, कागदोपत्री अजून मूळ मालकाच्या नावावर होती. दोन्ही पक्ष तावातावाने तिसऱ्याचीच मालमत्ता वाटून घेत होते. हे लक्षात आलं आणि मी पहिल्यांदा त्यांच्यात एकी पाहिली. मालकाच्या सहीशिवाय जमीन नावावर करून देणाऱ्या डीम्ड कन्व्हेयन्सचे दोन्ही अर्ज एकाच टेबलावर, एकाच पेनाने भरले गेले. समान शत्रूइतका चांगला सल्लागार नाही, आणि तो फीही घेत नाही.

मग वैयक्तिक मागण्या आल्या. तळमजल्याच्या काकूंना बाराव्या मजल्यावरही अंगण हवं होतं. ज्यांना आजवर कार्पेट म्हणजे सतरंजी वाटायची, ते रेरा कार्पेटमध्ये भिंतीची जाडी धरतात की नाही यावर वाद घालू लागले. कॉर्पस, भाडं, ब्रोकरेज हे शब्द आरतीनंतरही ऐकू येऊ लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी लेखी दिलं : तीच दिशा, तोच मजला, शेजारी मात्र तोच नको.

कायद्याने माणसाचा हा स्वभाव ओळखलेला दिसतो. सहकार कायद्याच्या कलम 79(अ)खालच्या 2009च्या निर्देशांत सभेला तीन चतुर्थांश सभासद लागत. जुलै 2019च्या सुधारणेत दोन तृतीयांश उपस्थिती आणि 51 टक्के संमती पुरेशी ठरली. म्हणजे उरलेल्या 49 टक्क्यांना नाना असण्याची मुभा सरकारनेच दिली आहे.

विकासक निवडायची विशेष सभा आमची वेगळी, त्यांची वेगळी. निबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी समोर आणि सभेचं व्हिडिओ शूटिंग बंधनकारक. या एका अटीने जे केलं ते चार नोटिसांना जमलं नव्हतं. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या, पुरुष दाढी करून आले. कोरम पहिल्या दहा मिनिटांत भरला. नाना उभे राहून खणखणीत आवाजात विरोधाचं भाषण करून बसले. ठराव मंजूर झाला. आठवडाभरात मागच्यांचाही झाला.

त्यानंतर नाना घरी आले. त्यांनी शूटिंग पाहिलं होतं.

“माझ्या अख्ख्या भाषणात कॅमेरा वड्यांच्या ताटावर आहे. माझा विरोध पुन्हा घ्या.”

“नाना, ठराव झाला. आता विरोध कुठून घेणार?”

नानांनी क्षणभर विचार केला आणि खिशातून पेन काढलं.

“मग संमतीवर सही करतो. पण त्या शूटिंगवाल्या पोराला बोलवा आणि ही तरी क्लोजअपमध्ये घ्या.”