खालीचा अंमलदार

डोंबिवली असो की सातारा, घराच्या पुढच्या खोलीत गाण्याचा क्लास चालवणाऱ्या बाईंना एक गोष्ट मुळीच खपत नाही: भिंतीला टेकून बसलेलं रिकामं पोर. थोरली ‘प्रवेशिका प्रथम’च्या परीक्षेला बसलेली, धाकट्याला घरी कुणाजवळ ठेवणार म्हणून आईने त्यालाही आणलेलं. तो सतरंजीच्या कडेला आईच्या मोबाइलवर गाड्या पळवतोय. बाई आलाप न तोडता नुसत्या डोळ्यांनी खूण करतात. मोबाइल फ्रिजवर जातो.

मग नेमणुका. ‘गप्प बस’ म्हणायचं नाही, हुद्दा द्यायचा. एकाकडे पेटीचा भाता. पेटीला मध्येच दमा लागतो, पण बाईंचे दोन्ही हात मोकळे होतात. दुसऱ्याकडे तीनतालाची खाली. सोळा मात्रांतली पहिली, पाचवी, तेरावी टाळीवाल्यांची. नववी याची एकट्याची. आठ मात्रा हा श्वास रोखून बसतो आणि नववीला हात असा झटकतो, की शेजारचीचा चष्मा उडतो.

सगळ्यात मानाची जागा भूपाच्या पहारेकऱ्याची. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. ताईच्या गळ्यातून त्यातला एखादा निसटला, की हात वर करायचा. सख्ख्या बहिणीची चहाडी करून वर शाबासकी, ही सोय दुसऱ्या कुठल्या क्लासात आहे? सुरुवातीला पठ्ठ्या दर ओळीला हात वर करतो. बाई पेटीवर सूर दाबून निवाडा देतात. पुढे पुढे निवाडे त्याच्या बाजूने लागायला लागतात. आता ताई गंधारावरून निघाली, की आधी त्याच्याकडे बघते. घरीही पहारा उठत नाही.

“आई, नी लागला.”

“अरे, मी भूप गातच नाहीये!”

“तरी लागला.”

लिहिता येणाऱ्यांना स्वरलिपीची वही. मंद्राचं टिंब स्वराच्या खाली, ताराचं वर. एका चिमुरडीने हौसेने सगळ्यांनाच वर टिंबं दिली. त्या बंदिशीपर्यंत कुणाचा गळा पोचेना.

कुणी याला बालमानसशास्त्र म्हणेल. मला विचाराल तर बाईंना फुकटची माणसं हवी असतात, आणि त्या ते लपवतही नाहीत. विष्णु दिगंबरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते गाणं चारचौघांच्या घरात जावं म्हणून. बाईंनी ते त्या चौघांच्या शेंडेफळांपर्यंत नेलं, एवढंच.

एक दिवस आई पाकीट पुढे करते. “बाई, आता यालाही रीतसर घालू या. पुढच्या महिन्यापासून दोघांची फी देते.”

बाई दचकतात. “अहो, भलतंच काय! फी भरली की हाही ताईसारखा रियाज चुकवायला लागेल. आणि मग खाली कोण दाखवणार?”