सिस्टरांचा पाचवा दिवस

"शेवटचा संपर्क कधी?"

एप्रिल २०२०. चाचणीच्या टेबलामागच्या माणसाने फॉर्मवरचा रकाना वाचून दाखवला आणि समोरच्या सिस्टरांनी घड्याळ पाहिलं. घर नालासोपाऱ्यात, ड्युटी खाडीपलीकडे मुंबईच्या कोविड वॉर्डात, लोकल बंद म्हणून ये-जा एसटीने. रात्रपाळी संपवून त्या थेट आल्या होत्या. "आज सकाळी सात वाजता, दादा." दादांनी बोटं मोजली. "मग पाच दिवसांनी या."

दादांचा दोष नव्हता, नियमच तसा होता. लक्षणं नसलेल्या निकट संपर्कातल्या माणसाची चाचणी संपर्कानंतर पाचव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान एकदा करायची, असं देशभरासाठी ठरलं होतं. त्यामागे शास्त्रही होतं. विषाणू आज शिरला म्हणून उद्या नाकातल्या स्वॅबमध्ये सापडतोच असं नाही. त्याला वाढायला काही दिवस लागतात. बारशाला गेलेले आणि शेजारच्या खुर्चीवरचा पाहुणा बाधित निघालेले गृहस्थ या नियमात चपखल बसतात. त्यांचा संपर्क एक, त्याची तारीख एक. सिस्टरांना मात्र बाधित माणसं पाचवीलाच पुजलेली.

पाच दिवसांनी सिस्टर पुन्हा हजर. शेवटचा संपर्क? आज सकाळी सात. मग पाच दिवसांनी या. "अहो दादा, पाच दिवसांपूर्वीचाच धरा ना." तो शेवटचा नाही. "मग पहिला धरा." पहिला मार्चमधला, त्याचे चौदा दिवस केव्हाच उलटले. म्हणजे दादांच्या हिशेबाने सिस्टरांचा रोज सकाळी पहिला दिवस उजाडायचा, त्याच सकाळी कुठल्या तरी रुग्णाचा पाचवा असायचा, कुणाचा चौदावा असायचा, आणि फॉर्मवर चौकोन एकच. मराठी माणूस दिवस मोजण्यात तसा तरबेज. बाराव्याला बारसं, तेराव्याला तेरावं; जन्मापासून पुढच्या सोयीपर्यंत सगळं बोटांवर. पण बाळ रोज नव्याने जन्माला येऊ लागलं तर पाचवी कधी पुजायची, हे कुठल्याही गुरुजींना सांगता येणार नाही. १८ मे रोजी नियम सुधारला. चौदाचे दहा झाले. पाचाचे मात्र पाचच राहिले. त्या वर्षी आश्विनही अधिक आला, पंचांगाने अख्खा महिना वाढवून दिला. त्यातही सिस्टरांचा पाचवा दिवस काही सापडला नाही.

लक्षणं असती तर गोष्ट वेगळी होती. लक्षणं असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याला चाचणीचा हक्क होता. पण ती ओळखायची कशी? घसा बसलाय, तो पीपीई किटमधून ओरडून बोलल्यामुळे. अंग दुखतंय, ते बारा तास उभं राहिल्यामुळे. जूनमध्ये वास न येणं हे अधिकृत लक्षण झालं, पण एन-९५ मास्कच्या आत दिवस काढणाऱ्या बाईला घामाशिवाय कसला वास येणार?

मुंबईत विचारलं तर, "राहता कुठे? नालासोपाऱ्याला? मग तिकडेच करा." इकडे विचारलं तर, "नोकरी मुंबईत ना? मग तिकडेच करा." एवढी वाहती खाडी मध्ये असताना सिस्टरांनी नक्की कुठे आजारी पडायचं, हे दोन्ही काठांनी एकमेकांवर सोपवलं होतं.

आणि सोसायटी! २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता ज्या सेक्रेटरींनी गॅलरीत उभं राहून पितळी ताट बडवलं, तेच एप्रिलात गेटवर उभे: "निगेटिव्ह रिपोर्ट दाखवा, मग वर जा." रिपोर्ट हवा तर चाचणी हवी, चाचणी हवी तर पाचवा दिवस हवा, आणि पाचवा दिवस हवा तर नोकरी सोडायला हवी. २२ एप्रिलला आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध अध्यादेश निघाला, अजामीनपात्र गुन्हा, पाच वर्षांपर्यंत कैद वगैरे. गेटवरच्या रजिस्टरला तो लागू नसावा.

खासगी लॅब होती की! मार्चमध्ये कमाल दर ४५०० रुपये, जूनमध्ये राज्यात २२०० वर आला. त्याच काळात घरोघरी फिरून ताप मोजणाऱ्या आशाताईंना कोविडच्या कामाचा जादा भत्ता होता महिन्याला १००० रुपये. म्हणजे मार्चच्या दराने एका स्वॅबसाठी साडेचार महिन्यांचा भत्ता. ३ मे रोजी देशभरातल्या रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली गेली. हेलिकॉप्टर तासभर उडवायला किती खर्च येतो आणि तेवढ्यात किती स्वॅब झाले असते, हा हिशेब मांडायला कुणाची बोटं पुढे आली नाहीत. फुलं झाडायलाही सिस्टरांच्याच वॉर्डातल्या मावशी गेल्या असतील.

इथपर्यंत हसून घ्यावं. पण याच काळात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर झाला होता. कोविडने मृत्यू झाला तर दाव्यासोबत जोडायच्या कागदांमध्ये एक कागद असा होता: बाधित असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल. मूळ किंवा प्रमाणित प्रत. ज्या बाईची जिवंतपणी चाचणीच होत नाही, तिच्या घरच्यांनी हा अहवाल कुठून आणायचा? इथे पाच दिवस थांबायला सांगणारा कुणी दादाही नाही. थेट दावा अपूर्ण.

पुढची साथ कधी येईल ते येवो. फॉर्म छापणाऱ्यांनी तेवढं एक करावं: वॉर्डात काम करणाऱ्यांच्या फॉर्मवरून 'शेवटचा संपर्क' हा रकाना काढून टाकावा आणि आठवड्यातला एक वार ठरवून, काही न विचारता, सगळ्यांचे स्वॅब घ्यावेत. सफाईवाल्या मावशींपासून सुरुवात करावी.