बिल तेवढं पाठवा, मेंटॉरसाहेब

माननीय मेंटॉरसाहेब,



आपण मला ओळखत नाही. मी बार्शीत एसटी स्टँडासमोरच्या गाळ्यात बसून लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न्स भरून देतो. आपलं दर्शन मात्र मला दिवसाआड होतं. ज्या पोरांचे नंबर माझ्या फोनमध्ये आहेत, त्यांच्या स्टेटसवर आपण असता. कधी थारच्या बॉनेटला टेकून, कधी हॉटेलच्या हॉलमध्ये पुरुषभर उंचीचा पुठ्ठ्याचा चेक हातात धरून. ‘नोकरी म्हणजे गुलामी. अ‍ॅफिलिएट मार्केटिंग करा, डिजिटल प्रॉडक्ट विका, पूर्णवेळ उत्पन्न घरबसल्या’, असं आपण सांगता, आणि मी समोरच्याचा पॅन नंबर टाकता टाकता ऐकतो.

थारबद्दल अभिनंदन. बहुतेक फोटोंत नंबर प्लेट कापलेली असते, पण एकात ती राहून गेली आहे. काळी पाटी, पिवळी अक्षरं. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी तशी असते, हे आमच्याकडच्या लग्नाच्या वरातीतल्या पोरांनाही ठाऊक आहे. गाडी भाड्याची असण्यात गैर काहीच नाही. फक्त तिच्यापुढे उभं राहून ‘माझी पहिली कमाई’ असं लिहायला जी छाती लागते, ती माझ्याकडे नाही.

गैरसमज नको, म्हणून आधीच सांगतो. आपण ज्या धंद्याचं नाव घेता, तो धंदा खरा आहे. दुसऱ्याचा माल गिऱ्हाइकाला दाखवायचा, विक्री झाली की टक्केवारी घ्यायची. अ‍ॅमेझॉनने 1996 मध्ये हे रीतसर सुरू केलं. 1998 पासून क्लिकबँक डिजिटल माल याच पद्धतीने विकते, आणि तिथे कमिशन पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतही जातं. त्यात जादू नाही. मिक्सर विकला की पुढचा मिक्सर बनवायला तांबं, प्लास्टिक, मजुरी लागते. व्हिडिओची दुसरी प्रत काढायला काहीच लागत नाही, म्हणून विकणाऱ्याला मोठा वाटा देणं परवडतं. यावर प्रामाणिकपणे पोट भरणारी माणसंही आहेत. एखादा कॅमेऱ्यांवर वर्षानुवर्षं लिहितो, एखादी बाई हिशेबाची सॉफ्टवेअरं स्वतः वापरून त्यातलं बरंवाईट सांगते. लोकांचा विश्वास बसतो आणि मग कुठे त्यांच्या लिंकवरून खरेदी होते. तीही बेभरवशाची. अ‍ॅमेझॉनच्या लिंकवर टिचकी मारल्यावर साधारण चोवीस तासांत गिऱ्हाइकाने माल उचलला तर कमिशन, नाहीतर राम राम. एप्रिल 2020 मध्ये त्याच कंपनीने अमेरिकेत फर्निचरवरचं कमिशन 8 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणलं, आणि त्यावर संसार चालवणारे बघत बसले. आपल्या वेबिनारमध्ये हा भाग येत नाही. वेळ कमी पडत असेल, शेवटच्या बारा सीट उरलेल्या असतात.

दलालीची मला अ‍ॅलर्जी नाही. आमच्या गावाचं अर्धं अर्थकारण मार्केट यार्डातल्या अडतीवर उभं आहे. अडत्या तुरीचं पोतं विकून देतो, आपली अडत घेतो, आणि ती तूर शेवटी कुणाच्या तरी वरणात जाते. अडत्याने शेतकऱ्याला ‘तू तूर सोड, मला प्रवेश फी दे आणि तूही अडत्या हो’ असं म्हटल्याचं निदान मी तरी ऐकलेलं नाही. आपण नेमकं ते म्हणता. आपल्या यार्डात तूर कुठेच नाही, सगळे अडतेच.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या पदरी असलेला एक पोरगा, बीकॉम झालेला, माझ्याकडे आला. ‘सर, माझा टीडीएस कापलाय, रिफंड काढून द्या.’ मला आनंद झाला. म्हटलं, पोराचं बस्तान बसलं. त्याने ऑगस्ट 2024 मध्ये आपलं 4,999 चं पॅकेज घेतलं होतं. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,899. पैसे आईने बचत गटातून उचलून दिले. मग त्याने तेच पॅकेज दोघांना विकलं, एक मावसभाऊ आणि एक कॉलेजचा मित्र. सत्तर टक्क्यांनी दोन विक्रींचे झाले 6,998. त्यातून आपल्या डॅशबोर्डने ‘टीडीएस 5 टक्के’ म्हणून 350 रुपये वळते केले. पोराने मोबाइल पुढे केला. हिरव्या अक्षरांत आकडा, त्याखाली फटाके फुटताहेत.

मी त्याचा फॉर्म 26 एएस उघडला. कोरा. कापलेला टीडीएस त्या फॉर्ममध्ये दिसावा लागतो, मेंटॉरसाहेब. फटाक्यांवर रिफंड मिळत नाही. त्या वर्षी 194 एच कलमाखाली वर्षाकाठी 15,000 पर्यंतच्या कमिशनवर टीडीएस कापायची सक्तीही नव्हती. तरीही आपण कापलात, यात आपली देशभक्ती दिसते. पण कापून तो सरकारजमा केला नाही, तर त्या वर्षीच्या कायद्यात 276 बी कलमाखाली तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीची तरतूद होती. आपल्या ‘पॅसिव्ह इन्कम’च्या व्हिडिओत हे घालायला हरकत नाही, तिथेही राहणं-जेवणं फुकट असतं.

कमिशन कमावणाऱ्याला 44 एडीची सोय नाही, उलाढालीवर अंदाजे नफा दाखवून सुटका होत नाही. खरा खर्च वजा करून खरा नफा काढावा लागतो. म्हणून मी पोराला खर्च विचारला. पॅकेजचे 5,899. पुण्याला आपल्या ‘सक्सेस मीट’चं तिकीट 1,500. एसटीने जाण्यायेण्याचे सातशे. एकूण 8,099. आलेले 6,998. म्हणजे 1,101 चा तोटा, आणि ते गायब झालेले 350 धरले तर खिशातून 1,451 गेले. नेटपॅक, आणि वर्षभर रात्री अकरापर्यंत चाललेल्या झूम मिटिंगा मी धरलेल्याच नाहीत.

सरळ हिशेब करू, मी आकड्यांचा माणूस आहे. आपल्या पॅकेजमधला प्रत्येक माणूस कुणीतरी एकानेच आणलेला असतो. म्हणजे जितकी माणसं तितक्याच विक्र्या. सरासरी काढली तर माणशी एक. एका विक्रीचं कमिशन 3,499. भरलेले 5,899. लीडर आणि सिनियर लीडर यांचे वरचे तुकडे उरलेल्या तीस टक्क्यांतले, ते सोडून देऊ. म्हणजे आपल्याकडच्या सरासरी माणसाने दरवाजातून आत पाऊल टाकलं तेव्हाच त्याचे 2,400 गेले. तो आळशी असो की मेहनती, त्याचं ‘माइंडसेट’ कसंही असो. ते आळसाने गेले नाहीत, ते तुमच्या दरपत्रकातच गेले. आमच्या पोराने दोन विक्र्या केल्या, म्हणजे तो सरासरीच्या दुप्पट निघाला. साहेब, तो तुमचा यशस्वी विद्यार्थी आहे! त्याला स्टेजवर बोलवायला हवं होतं.

आणि आपण ज्याची जाहिरात करता ते पूर्णवेळ उत्पन्न? महिना पन्नास हजार, म्हणजे वर्षाला सहा लाख. भागिले 3,499. एकशे एकाहत्तर. एका माणसाने आपल्या पॅकेजवर वर्षभर पोट भरायचं, तर एकशे एकाहत्तर माणसांच्या वाट्याची विक्री त्या एकट्याने खाल्ली पाहिजे आणि त्यांतले बाकीचे सगळे रिकाम्या हाताने घरी गेले पाहिजेत. एखादा खरंच सहा लाख कमावतो, हे मी मानतो. त्याचे स्क्रीनशॉट खोटे असतील असंही नाही. बाकीच्यांचे स्क्रीनशॉट कुणी टाकत नाही, एवढंच.

विक्री कशी करायची, याचा आपला अभ्यास मात्र दांडगा आहे. पोराने मला वही दाखवली. आपण पहिल्याच आठवड्यात शंभर नावांची यादी करायला लावता. त्याने चार रकाने आखले होते: नाव, नातं, काम, गरज. ‘गरज’ हा रकाना आपला शोध. आत्याच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘ताईच्या लग्नाचं कर्ज’. शाळेतल्या एका सरांपुढे, ‘पेन्शन सुरू, वेळ आहे’. एका मित्रापुढे, ‘बाप वारलाय, घाई करू नये’. पोरगा वाईट नाही. त्याला आपण सांगितलंत की ही ‘लीड जनरेशन’ आहे, त्याने वळणदार अक्षरात लिहून काढलं. माझंही नाव होतं. पुढे लिहिलं होतं, ‘जुलैनंतर मोकळे’. ते खरं आहे, मुदत वाढली नाही तर.

नातेवाईक नाही म्हणाले तर काय, याचंही उत्तर आपल्याकडे तयार. नकारात्मक लोकांपासून लांब राहा. आत्याने पैसे दिले नाहीत की आत्या नकारात्मक. आपला व्हिडिओ बघून पोराने आत्याला ब्लॉक केलं होतं. तिने लहानपणी सांभाळलेलं पोर. तो भाग त्याने हिशेबात सांगितला नाही, पण यादीत तिच्या नावावर आडवी रेघ होती.

आपल्या लोकांना बोललं की ते ठसक्यात म्हणतात, ‘सर, हे एमएलएम नाही, अ‍ॅफिलिएट आहे.’ पाटी बदलायची कला जुनी आहे. मुंबईत 2011 साली जे स्पीक एशिया प्रकरण गाजलं, त्यात 11,000 भरून ऑनलाइन सर्व्हे भरायचे होते. सर्व्हे नावापुरता, खरा पैसा नव्या माणसांचा. अमेरिकेत 2018 च्या जूनमध्ये फेडरल ट्रेड कमिशनने मोबे नावाच्या उद्योगावर खटला भरला. तिथे 49 डॉलरमध्ये ‘21 पायऱ्यांची पद्धत’ मिळायची, आणि पायऱ्या चढता चढता कळायचं की हजारो डॉलरची सदस्यत्वं घ्यायची आणि तीच दुसऱ्यांना विकून कमिशन मिळवायचं. साडेबारा कोटी डॉलरच्या वर लोकांचे गेले. आपण हे कुठून उचललंत ते मला माहीत नाही, पण निदान पायऱ्या तरी मोजून दिल्या असत्यात.

कायदाही नवा नाही. माणसं आणून पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा 1978 चा आहे. 28 डिसेंबर 2021 ला थेट विक्रीचे नियम आले, त्यात पिरॅमिड योजना साफ नाकारल्या आहेत. फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत दंड करू शकतं, आणि जाहिरात करणाऱ्याने आपला आर्थिक संबंध उघड सांगावा, ही अपेक्षा 2022 आणि 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेली आहे. पोराच्या स्टेटसवर ‘माझं आयुष्य बदललं’ असं होतं; ‘तुम्ही घेतलंत तर मला 3,499 मिळतील’ असं नव्हतं. ती ओळ आपण कॅनव्हाच्या टेम्प्लेटमध्ये घालायला विसरलात.

आता माझं काम. मला पोराचं रिटर्न पुरं करायचं आहे आणि 5,899 च्या खर्चाला बिल लागतं. बिल मिळालेलंच नाही. पैसे गेले ते आपल्या एका लीडरच्या खासगी यूपीआयवर. 900 रुपये जीएसटी म्हणून घेतले, पण जीएसटी नंबर कुठेच नाही. तर बिल पाठवा. टीडीएसचं चलन भरलं असेल तर तेही.

नाही पाठवलंत तरी अडत नाही. मी पोराला जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज लिहून देतो आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. आपले वकील पहिल्याच तारखेला म्हणतील की हा पोरगा ग्राहकच नाही, त्याने धंद्यासाठी खरेदी केली. मीही 2019 चा कायदा चाळला. स्वयंरोजगाराने स्वतःची उपजीविका करण्यासाठीच घेतलेला माल कायदा व्यापारी हेतूचा धरत नाही. मग वकील म्हणतील की हा माल नाही, ही सेवा आहे. त्यासाठी आपली पोस्टर्स जोडतो आहे. त्यांवर आपल्याच फोटोखाली ठळक छापलंय, ‘डिजिटल प्रॉडक्ट’. आणि त्याच्या खाली, ‘पूर्णवेळ उत्पन्नाचा मार्ग, स्वतःचा मालक स्वतः’.

कळावे,

बार्शीचा एक रिटर्नवाला

ता. क. आत्याला अनब्लॉक केलं आहे. तक्रारीत साक्षीदार म्हणून तिचं नाव घातलंय, ती यायला तयार आहे.