कलम 161 बाईंना कात्रजहून पत्र

श्रीमती कलम 161 (राज्यघटनेतला राज्यपालांचा माफीचा अधिकार), मुक्काम मलबार हिल, मुंबई यांना,

सा. न. वि. वि. तुमची थोरली बहीण, राष्ट्रपतींच्या माफीचं कलम 72, दिल्लीला असते; तिथवर आमची पोच नाही. तुम्ही निदान स्वारगेटहून एसटीने गाठता येण्याजोग्या.

गुन्हा कबूल आहे. कात्रज चौकात लांबचा वळसा टाळायला गाडी उलट्या दिशेने घातली, कॅमेऱ्याने टिपलं, चलान आलं. शेजारी म्हणतात, "भरताय कशाला? लोकअदालत लागेल तेव्हा बघू." पण मला तडजोड नको, माफी हवी. तीही आगाऊ, कारण उद्याही मी तिथूनच जाणार आहे. बायडेनसाहेबांनी 20 जानेवारी 2025 ला खुर्ची सोडता सोडता भावाबहिणींना अशीच आगाऊ माफी दिली. त्याच संध्याकाळी ट्रम्पसाहेबांनी कॅपिटॉलवर चालून गेलेल्या सुमारे 1500 जणांना माफी दिली. या अधिकाराला कुंपण हवं की नको, यावर तिकडे भांडण जुंपलंय. आपल्याकडे कुंपण आहे: मंत्रिमंडळाचा सल्ला, वर न्यायालयाची नजर. त्याचं फाटक कुठे आहे, तेवढंच विचारायचंय.

कारण काहींना ते बरोबर सापडतं. 11 मार्च 1960 ला उच्च न्यायालयाने नौदलाच्या कमांडर नानावटींना खुनाबद्दल जन्मठेप सुनावली आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांच्या आदेशाने ती स्थगितही झाली. एका दिवसात! (इथे सातबाऱ्यावर नाव लागायला किती लागतात, ते असो.) प्रकरण आमच्यापुढे असताना हे चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. पण 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिलीच.

आपल्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे आंध्रचे राज्यपाल असताना, 2005 मध्ये, तिथल्या एका काँग्रेस आमदार बाईंच्या यजमानांची उरलेली शिक्षा माफ झाली. कागदोपत्री त्यांची एक लायकी अशी नोंदली होती: चांगला काँग्रेस कार्यकर्ता. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली, पण रकाना माझ्या डोक्यात राहिला. मी गणपती मंडळाचा कार्यकर्ता आहे, वर्गणीचा हिशेब चोख देतो. चालेल का?

येरवड्याच्या फाइलला मात्र असं फाटक लागलं नाही. 2007 मध्ये पुण्यात बीपीओत काम करणाऱ्या तरुणीवर अत्याचार करून तिचा खून झाला. दोघांना फाशी झाली. राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज 2017 मध्ये फेटाळला. फाशीची तारीख उजाडायला आणखी दोन वर्षं गेली आणि दिरंगाईवर बोट ठेवून उच्च न्यायालयाने फाशीऐवजी 35 वर्षांची कैद दिली. दया कुणीच दाखवली नव्हती. कागद टेबलावर पडून राहिले, एवढंच. त्या मुलीच्या घरच्यांपुढे हे पत्र वाचायची माझी छाती नाही.

कळावे,
एक चलानधारक, कात्रज

ता. क. : उत्तर सवडीने द्या. 2012 मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांनी ज्यांची फाशी रद्द केली, त्यांतला एक बेळगावच्या तुरुंगात 2007 मध्येच वारला होता. माझंही तसं झालं, तर मुलाला कळवा. चलान मिटल्याशिवाय गाडी त्याच्या नावावर होत नाही म्हणे.