गणवेशाची रचना

कर्मचाऱ्यांच्या गणवेशात आधी लोगोची जागा ठरते. उरलेल्या जागेत माणूस बसवला जातो. रंग मालकाच्या आवडीचा, कापड टेरिकॉट. त्याची इस्त्री टिकते आणि घाम आतच राहतो, म्हणजे मे महिन्यातही गिऱ्हाइकाला काही दिसत नाही. मापे तीन पुरेत, शरीराने जुळवून घ्यावे. खिसा मुळीच नसावा; प्रामाणिकपणा आपोआप शिवला जातो. शर्टाचे पैसे पहिल्या पगारातून कापले की आपलेपणा वाढतो. घरपोच खाणे पोचवणाऱ्या कंपन्यांनी ही कला पूर्णत्वाला नेली आहे: पाठीवर वीतभर अक्षरांत कंपनीचे नाव, लांबूनही वाचता येणारे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या पारंपरिक मालक-कर्मचारी संबंधाबाहेर काम करणारा अशी आहे. टी-शर्ट त्यानेच धुवायचा असतो.