पन्नासपैकी किती?

क्राफ्ट बिअर नुसती प्यायची नसते, जोखायची असते. अमेरिकेतल्या बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या 50 गुणांच्या तक्त्यात वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, जिभेवरच्या पोताला 5 (पोत आम्हां सोलापूरकरांना चादरीपासूनच कळतो), बाकी 10 एकूण प्रभावाला. पुण्यात 2009 साली ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी निघाली तेव्हा पुणेकर हे शिकले. सोलापूरकरांना ही विद्या उपजत. नळ आला की पहिली धार ग्लासात, ग्लास उजेडात, मग नाक. उजनी धरणाच्या पाण्याचा वाण: पिवळसर झाक, शेवाळाचा गंध, मागे रेंगाळणारं क्लोरीन, शिवाय चार-पाच दिवस पिंपात मुरवलेला. परीक्षक गहिवरले. तरी पदक बिअरलाच द्यावं लागलं. तिचा नमुना मागताच हजर झाला. पाण्याची पाळी परवा येणार होती.